मेथी निवडण्याचा वेळ कुणाच्या खाती?

चर्चगेटहून बोरिवलीला जाणारी पहिली ‘लेडीज स्पेशल’ ५ मे १९९२ रोजी सुटली. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायका पिशवी उघडून मेथी निवडतात, मटार सोलतात. आता हा वेळ कसला म्हणायचा? नोकरीचा, प्रवासाचा की स्वयंपाकाचा?

सरकारची वेळ-वापर पाहणी दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे पाडून हेच विचारते. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकामाला बायका रोज सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. पण पाहा, ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच. जे पुरुष घरात काडीही हलवत नाहीत, ते या हिशेबात नाहीतच!

परदेशातही पारडे बायकांकडेच झुकते. जगातल्या बिनपगारी घरकामाचे आणि देखभालीचे तीन चतुर्थांशांहून अधिक तास बायकांचे असतात, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. हे काम दिसते ते थांबल्यावर. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम, दोन्ही बंद ठेवले. शाळा, कारखाने अडले. मुले बापांबरोबर कचेरीत गेली. आणि दुकानांतले झटपट शिजणारे सॉसेज संपले. त्या दिवशी चुलीपाशी बाप होते.