नावांच्या यादीत काय शोधायचं? मत्तयाची वंशावळ वाचताना



नवा करार उघडला की वाचकाची पहिली गाठ पडते ती एका यादीशी. अब्राहामापासून इसहाक, इसहाकापासून याकोब, याकोबापासून यहूदा... मत्तयाच्या शुभवर्तमानाची पहिली सतरा वचनं अशीच आहेत. बहुतेक लोक काय करतात? पान उलटतात आणि थेट येशूच्या जन्मकथेवर येतात. आज आपण पान उलटायचं नाही. या कोरड्या यादीत आध्यात्मिक असं काय आहे, एवढाच आजचा प्रश्न.

वंशावळ आपल्याला काही अनोळखी नाही. पुराणाची पाच लक्षणं सांगितली आहेत, त्यांत ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ अशी दोन आहेत. त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय वही काढून तुमच्या पणजोबांचं नाव दाखवतात. आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, लखुजीराव जाधवांचं घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतं. वंशावळ मांडली जाते ती बहुधा काहीतरी सिद्ध करायला: गादीवरचा हक्क, जमिनीतला वाटा, सोयरिकीतला मान. मत्तयालाही सिद्ध करायचंच आहे. येशू हा दावीद राजाच्या वंशातला, हे त्याला दाखवायचं आहे.

आता त्याची मांडणी पाहा. अब्राहाम ते दावीद चौदा पिढ्या, दावीद ते बाबेलचा बंदिवास चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. ‘दावीद’ या नावातली तीन अक्षरं म्हणजे 4, 6 आणि 4, बेरीज 14. मत्तयाने हा आकडा त्यासाठीच निवडला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तो जमवायला त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळले आहेत. शेवटचा गट मोजायला गेलात तर नवी नावं तेराच भरतात. म्हणजे हा काही तलाठ्याचा फेरफार नाही. काहीतरी सांगण्यासाठी रचलेली ही यादी आहे. आणि जो लेखक तीन-तीन राजे गाळतो, तो कुणाची नावं ठेवतो, हे बारकाईनं बघायला पाहिजे.

ठेवलीत कुणाची? चार बायकांची. त्याही सारा, रिबका, लेआ या मानाच्या आज्या नाहीत.

पहिली तामार. यहूदाची विधवा सून. धाकट्या दिराशी लग्न लावून देतो असं सांगून सासऱ्याने तिला माहेरी बसवून ठेवलं आणि शब्द पाळला नाही. तिने वेषांतर करून त्याच सासऱ्यापासून वंश चालवला. भेद उघड झाल्यावर ही माझ्यापेक्षा न्यायी आहे, हे यहूदालाच कबूल करावं लागलं. दुसरी राहाब, यरीहो गावची वेश्या. तिने शत्रूचे हेर घरात लपवले. तिसरी रूथ, मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असा अनुवादाच्या पुस्तकात नियम आहे. ही विधवा सून, नामी या आपल्या सासूला धरून बेथलेहेमला आली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरू लागली. सरवा म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायला नको. तिचा पणतू दावीद राजा. चौथीचं तर नावच नाही. नुसतं ‘उरीयाची बायको’. ती बथशेबा. पण उरीयाचं नाव आलं की दावीदाने त्याला कसं मारवलं, हेही आठवतंच. राजाचा गुन्हा यादीतच नोंदवलेला आहे.

जुने टीकाकार म्हणत, या पापी स्त्रिया. देव पाप्यांनाही घेतो. मला हे पुरेसं वाटत नाही. रूथचं पाप कोणतं? तामार तर सासऱ्याच्याच तोंडून निर्दोष ठरली. बारकाईनं पाहिलं तर या ठिकाणी वंश किंवा वचन अडलेलं आहे, किंवा पुरुषाने शब्द मोडलेला आहे, आणि नियमाने जिला बाहेर ठेवलं असतं तिच्यामधूनच पुढची वाट निघालेली आहे.

ही तयारी आहे शेवटच्या नावासाठी. ‘अमक्यापासून अमका’ अशी चाल पार योसेफापर्यंत येते. आता पुढे ‘योसेफापासून येशू’ असं यायला हवं. येत नाही! मत्तय लिहितो, योसेफ हा मरीयेचा पती, आणि तिच्यापोटी येशू जन्मला. एवढी यादी रचली, आणि रक्ताची रेघ शेवटच्या पायरीवर तोडून टाकली. मग येशू दावीदाचा वंशज कसा? योसेफाने मरीयेला घरात घेतलं आणि बाळाला नाव दिलं म्हणून. वारसा इथे जन्माने येत नाही, स्वीकाराने येतो. माझ्या मते या सतरा वचनांचा अर्थ हा आहे.

हे आपल्याकडेही सांगितलं गेलंय. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाला गुरू गोत्र विचारतात. आईलाही ते ठाऊक नसतं. तो तसंच सांगतो, आणि या खरेपणावर गौतम ऋषी त्याला शिष्य करून घेतात. आईच्या नावाने तो सत्यकाम जाबाल झाला. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना हिणवलं, असं परंपरा सांगते, त्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली परंपरा सांगितली ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. ती गुरूंची आहे.

एक चिठ्ठी आली आहे: ‘लूकच्या वंशावळीत योसेफाचा बाप वेगळा आहे, मग खरी कोणती?’ बरोबर आहे. मत्तयात याकोब, लूकात हेली. मेळ घालायचे प्रयत्न फार जुने आहेत. पण लूक कुठे जातो ते पाहा. तो उलटा चढत आदामापर्यंत, आणि तिथून देवापर्यंत पोचतो. आदामापर्यंत गेलं की कुणाचीच सोयरीक तुटत नाही.

शेवटी पंडिता रमाबाईंची आठवण काढतो. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं. ही सगळी नावं त्यांच्या हाताखालून गेली. त्या स्वतः विधवा. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती. एकुलती लेक मनोरमा 1921 मध्ये गेली, 1922 मध्ये रमाबाई गेल्या, आणि भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. रक्ताची वंशावळ तिथे संपली. पण मुक्तीत वाढलेल्या विधवा आणि अनाथ मुलींना त्यांच्या वारसदार म्हणायचं नाही, तर कुणाला?

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आपल्या राज्याने बापाच्या नावाआधी आईचं नाव लावायला सुरुवात केली आहे. पण घरच्या वंशावळीचं काय? ती काढून बघा. लेकी, सुना, नवरा गेल्यावर कर्ज फेडत शेत राखणाऱ्या बाया त्यात आहेत का? सिंदखेडराजाच्या जाधवांच्या सगळ्या पिढ्या आपल्याला पाठ नाहीत. 12 जानेवारीला माणसं तिथे लोटतात ती त्या घरच्या लेकीसाठी, जिजाऊंसाठी. घरात म्हातारी कुणी असेल तर तिला विचारून ही नावं लिहून घ्या. मग मत्तयाचा पहिला अध्याय पुन्हा वाचा.

इथे थांबतो.