‘केल’ म्हणजे ‘मस्ट’ नव्हे

हंगेरियन शिकणाऱ्या मराठी मुलांकडून एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे : “‘केल’ म्हणजे इंग्रजीतलं ‘मस्ट’, बाकी काही नाही.” हे समीकरण पहिल्या धड्यात पाठ होतं आणि पुढचे सगळे धडे बिघडवतं. हंगेरी सरकारची ‘स्टिपेंडियम हंगारिकुम’ ही शिष्यवृत्ती 2013 साली सुरू झाली. तिच्यावर भारतातले विद्यार्थी बुडापेस्ट, देब्रेत्सेन, सेगेदला जातात. त्यांच्या रोजच्या जगण्यात हा शब्द पावलोपावली येणार आहे. म्हणून हा गैरसमज आधी मुळापासून काढू या.

गैरसमज : ‘मी’ हा कर्ता, ‘केल’ हे क्रियापद.

इंग्रजीच्या चालीवर मुलं ‘एन केल मेद्येक’ असं वाक्य जुळवतात. ‘एन’ म्हणजे मी, ‘मेद्येक’ म्हणजे जातो. हंगेरियन माणूस असं कधीच बोलत नाही. तो म्हणतो, ‘नेकेम मेन्नेम केल’. ‘नेकेम’ म्हणजे ‘मला’. मराठीत ‘मी जायला हवं’ चालतं, पण ‘मला जायला हवं’ असंही आपण सर्रास म्हणतो. यानोश नावाच्या माणसाला जायचं असेल, तर नावाला ‘नॉक’ लागतो : ‘यानोशनॉक मेन्निए केल’. आपला ‘यानोशला’ हुबेहूब! जी रचना इंग्रजीत नाही आणि आपल्याकडे आहे, तीच आपण इंग्रजीच्या नादाने हरवून बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फरक आहे तो पुढे. मराठीत ‘जायला’ हे रूप सगळ्यांना एकच असतं. हंगेरियनमध्ये त्या रूपालाच व्यक्तीचा प्रत्यय लागतो : मला जायचं तर ‘मेन्नेम’, तुला ‘मेन्नेद’, त्याला किंवा तिला ‘मेन्निए’, आम्हाला ‘मेन्न्युंक’. व्यक्ती प्रत्ययातूनच कळते, म्हणून ‘नेकेम’ बहुतेकदा गाळतात आणि नुसतं ‘मेन्नेम केल’ म्हणतात. ‘केल’ मात्र जागचा हलत नाही, फक्त काळ आणि अर्थ बदलला की त्याचं रूप बदलतं. ‘मेन्नेम केलेत्त’ म्हणजे ‘मला जावं लागलं’. शंका असेल त्यांनी कॅरल राउंड्स यांचं हंगेरियनचं व्याकरण उघडून पाहावं.

गैरसमज : ‘नेम केल’ म्हणजे मनाई.

हा त्याच समीकरणाचा दुसरा आणि जास्त धोकादायक भाग. ‘नेम’ म्हणजे नाही. इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, म्हणून ‘नेम केल’ही मनाईच, असा हिशेब मुलं करतात. तो साफ चूक आहे. ‘नेम केल’ म्हणजे गरज नाही. ‘नेम केल फिझेत्नी’ असं कुणी सांगितलं तर पैसे द्यायची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. मनाईसाठी ‘नेम सॉबॉद’ म्हणतात आणि पाट्यांवर ‘तिलोश’ लिहितात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ‘एन्नी नेम सॉबॉद’ म्हणाले, तर काही खायचं नाही. ‘एन्नी नेम केल’ म्हणाले, तर खाल्लं नाही तरी चालेल. या दोन वाक्यांत गफलत करून कसं चालेल?

इथेही उत्तर आपल्याच घरात आहे. हंगेरीतला दुकानदार पिशवी पुढे करून ‘केल?’ विचारतो, गिऱ्हाईक ‘नेम केल’ म्हणतं. म्हणजे ‘हवी?’ आणि ‘नको’. वस्तूची गरज आणि कामाची गरज आपण जशी एकाच ‘हवं’ने सांगतो, तसंच हंगेरियन माणूस ‘केल’ने सांगतो. ‘उद्या जायला नको’ यात मनाई नसते. हाच ‘नेम केल’चा अर्थ. मनाई ‘जाऊ नकोस’मध्ये आहे, आणि तिथे हंगेरियन ‘नेम’ सोडून ‘ने’ वापरते : ‘ने मेन्य’.

किरकोळ गैरसमज

‘केलला व्यक्तीची रूपं नसतातच.’ असतात, पण अर्थ वेगळा : ‘केलेस नेकेम’ म्हणजे ‘तू मला हवी आहेस’ किंवा ‘हवा आहेस’.

‘मुसाय हा अस्सल हंगेरियन शब्द.’ नाही. ‘केल’पेक्षा कडक सक्ती सांगणारा हा शब्द जर्मन ‘मुस झाइन’वरून आला आहे. हंगेरियनच्या ऐतिहासिक व्युत्पत्तिकोशात तशी नोंद आहे.

‘केने हे अशुद्ध रूप.’ ते ‘केलेने’चं आखूड रूप आहे, बोलण्यात सर्रास चालतं. औपचारिक लेखनात ‘केलेने’ लिहावं.

‘‘जायला’सारख्या क्रियारूपाला व्यक्तीचा प्रत्यय जगात फक्त हंगेरियनमध्ये.’ पोर्तुगीजमध्येही आहे. गोव्यात ती भाषा शिकलेल्यांना हे ठाऊक असतं.

‘एल केल मेन्नेम यात एल चुकून सुटला आहे.’ नाही. ‘निघून जाणे’ या क्रियापदाचा तो उपसर्ग आहे, आणि ‘केल’ आला की उपसर्ग सहसा असाच सुटून पुढे येतो.

माझं शिकणाऱ्यांना एकच सांगणं आहे. ‘केल’चं वाक्य करताना आधी ते मराठीत ‘मला… हवं’ असं म्हणून पाहा, मग हंगेरियनकडे वळा. वहीत ‘केल = मस्ट’ असं लिहिलं असेल, तर आजच खोडा आणि तिथे ‘हवं’ लिहा.