पेंट की पावडर कोटिंग? आधी पार्ट बघा

जुनी बाइक नव्याने उभी करताना हा प्रश्न येतोच. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: ‘पावडर कोटिंग करून टाका, आयुष्यभर टेन्शन नाही.’ पण कोटिंगचा अभ्यास करताना आम्ही प्रश्न जरा वेगळा विचारतो: तुमच्या पार्टला नेमकं काय सोसायचंय?

आधी फरक समजून घेऊ. पेंटमध्ये रेझिन आणि रंगद्रव्य द्रावकात मिसळलेलं असतं. द्रावक उडून जातो, मागे पातळ थर उरतो. पावडर कोटिंगमध्ये द्रावकच नाही. कोरड्या पावडरीला विद्युतभार देऊन ती अर्थिंग केलेल्या पार्टवर फवारतात, त्यामुळे ती चिकटून बसते. मग ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला ती वितळून पसरते आणि तिचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत गुंफले जातात. एकाच हातात ६० ते १०० मायक्रॉनचा चिवट थर! चेसिस, स्विंगआर्म, स्टँड अशा खडी-चिखल खाणाऱ्या स्टीलच्या पार्ट्सना हे उत्तमच.

पण तोच ओव्हन काही पार्ट्सना झेपत नाही. रबरी बुश, बेअरिंग, ऑइल सील आधी काढावेच लागतात. टाकीचा पोचा लांबी भरून काढला असेल, तर साधी लांबी त्या तापमानाला टिकत नाही. तिथे पेंटच बरा.

सगळ्यात जपायचं ते अॅलॉय व्हील. अनेक व्हील्सच्या अॅल्युमिनियमला ताकद येते ती उष्णता देऊन आत तयार केलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. नंतर जास्त तापमानात जास्त वेळ ठेवलं की हे कण मोठे होतात आणि धातू नरम पडतो. व्हील दिसायला चकाचक, पण ताकद कमी! कारखान्यातही व्हील्सवर पावडर कोटिंग होतं, पण तिथे तापमान आणि वेळ ठरवून दिलेले असतात. म्हणून कोटिंगवाल्याला विचारा: किती अंश, किती मिनिटं? त्याच्याकडे उत्तर नसेल तर व्हील देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. जाड थर बोल्टखाली आला तर तो हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल होतो. म्हणून आटे, बेअरिंगच्या जागा आणि बोल्ट बसतो तो भाग झाकूनच कोटिंग करायचं. दुसरं, थराला खोल ओरखडा पडला की पाणी आत शिरतं आणि गंज थराखालून पसरत जातो. कोकणातल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. पेंट तेवढ्यापुरता टचअप करता येतो. पावडर कोटिंग बहुतेक वेळा पूर्ण काढून पुन्हा करावं लागतं.

आणि काहीही निवडलंत तरी खालचा गंज पूर्ण निघालाय ना, चेसिसच्या वेल्डिंगला तडा नाही ना, हे उघड्या धातूवरच तपासून घ्या. वर जाड थर बसला की तडा दिसत नाही, पण असतो तिथेच.