कोऱ्या कॅसेटचा नाद

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी एक कपाट फक्त कोऱ्या कॅसेटचं आहे. सोनी, टीडीके, मॅक्सेल, मेलट्रॅक, बऱ्याचशा सीलबंद. लोक विचारतात, गाणीच नाहीत, मग जपायचं काय? अहो, गाण्यांची यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून आणायचे दिवस आठवा! कोणती कोरी घ्यायची, इथूनच ती हौस सुरू व्हायची.

फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली. सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं. सी-१२० ची फीत फार पातळ, लवकर गुंतणारी. माझं मत सी-६० लाच. साध्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. क्रोम फितीत मागची सुरसुर कमी येते. क्रोम ओळखायची खूण मागच्या कडेला: आवाज पुसला जाऊ नये म्हणून मोडायच्या कानांशेजारी जादा खाचा. जुन्या बाजारात माझं बोट आधी तिथंच जातं.

सोलापूरचं ऊन म्हणजे फितीचा वैरी. पत्र्याखाली, स्पीकरच्या चुंबकाजवळ कॅसेट ठेवू नका, उभी ठेवा. आणि माळ्यावर कोरी सापडली तर भंगारात घालू नका. आजीच्या ओव्या भरून घ्या.