‘काय होणार?’ आणि ‘काय करणार?’

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘पुढे काय होणार?’ डॉक्टर, इंजिनीअर, सीए, वकील ही उत्तरेही ठरलेली असतात. या प्रश्नातच एक गफलत दडलेली आहे. ‘काय होणार’ याचे उत्तर म्हणजे केवळ पदनाम. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत नेमके कोणते काम करायचे आहे, हे त्यातून कळत नाही. पुढे पंधरा-वीस वर्षांनी नोकरीत जी घुसमट जाणवू लागते, ती बहुधा पदनामाची नसते. त्या आठ तासांची असते.

माणसाचा स्वभाव आणि त्याचे काम यांचा मेळ घालण्याचा शास्त्रीय विचार शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती घ्या आणि मग दोहोंचा संबंध विचारपूर्वक जोडा, ही त्यांची त्रिसूत्री होती. आजचे समुपदेशकही जवळजवळ हेच सांगतात. फक्त त्यांची फी वाढली आहे.

या विचाराला नेमके रूप दिले ते मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करात भरती झालेल्यांच्या मुलाखती घेत असत. माणसांच्या कामाविषयीच्या आवडीनिवडी मोजक्या गटांत विभागता येतात, असे त्यांना तेथे जाणवले. 1959 मध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला. त्यानुसार यंत्रे, अवजारे, शेती अशा हातांच्या कामांत रमणारा वास्तववादी. कारणांचा माग काढणारा संशोधक. नवनिर्मितीत रमणारा कलात्मक. शिकवणे, शुश्रूषा करणे याकडे ओढा असलेला सामाजिक. माणसे राजी करणारा, नेतृत्वाची हौस असलेला उद्यमशील. आणि नोंदी, हिशेब, शिस्त यांत सुख मानणारा रूढिप्रिय, असे सहा प्रकार होतात. कोणीही माणूस एकाच खणात पूर्णपणे बसत नाही. दोन-तीन प्रकारांचे मिश्रण हाच त्याचा कल. जगभरातील बहुतेक कल चाचण्यांवर या मांडणीची छाप आहे. महाराष्ट्रातही 2016 मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तिच्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे होती.

मात्र चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. कल म्हणजे क्षमता नव्हे. गाण्याची आवड असली म्हणून गळा गोड असतोच असे नाही आणि गळा गोड असलेल्याला रियाजाचा कंटाळा असू शकतो. दुसरे असे, की आवड आणि काम जुळले म्हणजे समाधान हमखास, हा समजही पुराव्यावर टिकत नाही. या विषयावरील शंभरहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आवडीशी जुळणारे काम आणि समाधान यांचा संबंध आढळला खरा. पण तो माफकच होता. वरिष्ठांची वागणूक, कामातील स्वातंत्र्य, सहकारी, पगार, प्रवासाचे तास हे घटक आवडीइतकेच माणसाला सुखावतात किंवा पिडतात. विरार किंवा कर्जतहून रोज लोकलने येणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

इंटरनेटवरील दहा मिनिटांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर देण्यात आला होता!

खरा उपयोग आहे तो व्यवसायाच्या पोटातील रोजचे काम पाहण्याचा. वकिली म्हटले, की डोळ्यांसमोर न्यायालयातील युक्तिवाद उभा राहतो. पण मालमत्तेचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाचा दिवस जुने दस्त तपासण्यात आणि करारांचे मसुदे करण्यात जातो. वास्तुविशारदाला रेखाटनाइतकाच वेळ महापालिकेच्या परवानग्या आणि कंत्राटदारांशी होणारी हुज्जत यांसाठी द्यावा लागतो. पॅथॉलॉजिस्ट आणि बालरोगतज्ज्ञ दोघेही डॉक्टरच. पण एकाचा दिवस सूक्ष्मदर्शकासमोर सरतो, तर दुसऱ्याचा रडणारी मुले आणि घाबरलेले पालक यांच्यात. माणसांच्या गर्दीने थकणाऱ्या मुलीला वैद्यक क्षेत्र वर्ज्य ठरत नाही; त्यातील कोणती खोली आपली, हे तिने शोधायचे असते. त्यासाठी सुटीत चार दिवस एखाद्या परिचिताच्या कार्यालयात नुसते बसून पाहणे, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक शिकवून जाते.

निवड चुकल्याचे उशिरा कळले तर? डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. चाळिशी ओलांडल्यावर, 1969 मध्ये, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली. हे उदाहरण भाषणांत नेहमी दिले जाते. मात्र वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकांत काम करीत होते, हे सांगायचे राहून जाते. ती उडी अंधारात मारलेली नव्हती. डॉ. मोहन आगाशे यांनी निराळी वाट धरली. ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना गाजवूनही त्यांनी मानसोपचाराचे अध्यापन सुरू ठेवले. आवड पोटापाण्याशी जोडलीच पाहिजे, असा काही दंडक नाही.

गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी डोक्यावर असताना राजीनामा देणे बहुतेकांना परवडत नाही. अशांसाठी 2001 मध्ये एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या दोन अमेरिकी अभ्यासक महिलांनी मांडलेला विचार उपयोगी आहे. रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचा दाखला त्यांनी दिला. काही कर्मचारी नेमून दिलेले तेवढेच करीत. तर काही रुग्णांची विचारपूस, नातेवाइकांना मदत हेही आपलेच काम मानीत. पद तेच, पण दिवस वेगळा.

नोकरदाराने पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवावी. कोणत्या कामात घड्याळाकडे लक्ष गेले नाही आणि कोणते काम सारखे पुढे ढकलले? लेखा विभागातील एखाद्याला असेही आढळेल, की आकड्यांचा आपल्याला कंटाळा नाही. पण नव्या माणसांना काम शिकवतो तो दिवस विशेष बरा जातो. अशा वेळी नोकरी बदलण्याच्या जाहिराती धुंडाळण्याआधी त्याने वरिष्ठांकडे प्रशिक्षणाची जबाबदारी मागून पाहायला हरकत नाही.