शेवटच्या सायकलस्वाराचा वेग

सायकल क्लबांच्या बोलण्यात ‘निवांत राईड’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्यामुळे शर्यतीतून चुरस वजा केली की उरते ती निवांत राईड, असा समज होतो. प्रत्यक्षात वीस जणांनी एकाच चालीने, कोणालाही मागे न सोडता चाळीस किलोमीटर जाऊन येणे हे एकट्याने सायकल दामटण्यापेक्षा अवघड काम असून, त्याच्या नियमांवरून फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी एक नामांकित क्लब आणि त्याचा आश्रयदाता यांचे बिनसले होते. कोल्हापुरातून पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला लागणाऱ्या गटांना त्या भांडणाची खबर असण्याचे कारण नाही, पण पन्हाळ्याच्या वाटेवरील वाघबीळच्या चढाला तेच भांडण दर खेपेस नव्याने उभे राहते.

तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल, कैची मारत शिकणे, नगरपालिकेचा बिल्ला, डायनॅमोच्या दिव्यावाचून पोलिसाने अडवणे, हा सायकलचा इतिहास मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. हौसेने संघटित भटकंती करणाऱ्यांचा क्लब इंग्लंडात 1878 साली यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथे निघाला, एवढी नोंद करून मूळ प्रकरणाकडे वळलेले बरे.

ते प्रकरण इटलीत सुरू होते. जून 1897 मध्ये बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे 230 किलोमीटर, दिवसाउजेडी पोहोचण्याचा पण करून निघाले, आणि अशा उपक्रमांना ‘धाडसी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘ऑडॅक्स’ हे नाव पडले. ‘लोटो’ या क्रीडापत्राचा संपादक आणि 1903 मध्ये ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा आंरी देग्रांज याने 1904 साली त्याची फ्रेंच नियमावली केली आणि त्याच वर्षी ती राबवण्यासाठी ‘ऑडॅक्स क्लब पारिझियां’ स्थापन झाला. या नियमावलीचा गाभा असा की, सर्वांनी गटाने जायचे, वेग आधी ठरवून द्यायचा, तो राखण्याची जबाबदारी ‘मार्गनायका’ची, आणि त्याला ओलांडून पुढे जाण्यास मनाई. शर्यतीचा सर्वांत मोठा दलाल म्हणावा अशा माणसाने शर्यत मोडून काढणारे नियम लिहावेत, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. मात्र आपल्या नियमांवर त्याची मालकी पक्की होती.

1921 मध्ये देग्रांज आणि क्लब यांच्यात वितुष्ट आले आणि त्याने आपले नियम वापरण्याची क्लबला दिलेली परवानगी काढून घेतली. तेव्हा क्लबने हात चोळत बसण्याऐवजी दुसरीच वाट काढली: प्रत्येकाने आपापल्या चालीने जावे, एकटे जावे किंवा सोबतीने जावे, फक्त वाटेतील ठाण्यांवर शिक्के घेऊन ठरलेल्या मुदतीत पोहोचावे. ‘ब्रेव्हे’ म्हणजे अशी मुदतबंद राईड पुरी केल्याचे प्रमाणपत्र, आणि त्यावरून त्या राईडलाही तेच नाव पडले. आज 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस आणि 600 ला चाळीस तास अशी जी कोष्टके महाराष्ट्रातील सायकलस्वारांना पाठ आहेत, ती या मुक्त चालीच्या शाखेची. गटाच्या चालीला चिकटून राहिलेल्यांनी त्याच वर्षी आपली वेगळी संघटना उभारली. 1931 मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे 1200 किलोमीटरच्या वाटेवर दोन्ही पंथांनी आपापली राईड भरवली. एकाच रस्त्यावर एका पंथात सारे बरोबर आणि दुसऱ्यात ज्याचा तो स्वतंत्र, असे दृश्य त्या वर्षी दिसले असणार.

पुढे जगभर पसरली ती मुक्त चाल, आणि भारतातही ब्रेव्हे म्हणजे तीच. न्याय पाहता हा निकाल एकतर्फी वाटतो, कारण स्थानिक क्लबांची सकाळची राईड ही आत्म्याने हरलेल्या पंथाची आहे. पुढे एक वाट दाखवणारा ‘लीड’, सर्वांत मागे कोणालाही सुटू न देणारा ‘स्वीप’ आणि मध्ये गट, ही रचना मार्गनायकाच्या कल्पनेचेच धाकटे भावंड होय.

या रचनेची कसोटी पन्हाळ्याच्या रस्त्यावर लागते. शहरापासून पन्हाळा सुमारे वीस किलोमीटर. पंचगंगा ओलांडली की वडणगे फाटा आणि केर्ली येईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, हंगामात गुऱ्हाळाचा वास, आणि उसाने फुगलेल्या जोडट्रॉल्या, ज्यांची मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते हे ध्यानात ठेवून एकामागे एक अशी रांग धरावी लागते. येथवर गट सहज राहतो. वाघबीळपासून गडाचा चढ भिडला की तो तुटतो, आणि त्याला इच्छाशक्तीचा अभाव हे कारण नाही. हवेचा अवरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ती आठपट लागते. म्हणून सपाटीवर जोरात धावणाऱ्या गटात पुढच्याच्या आडोशाला राहण्यात मोठा फायदा असतो आणि तो लोभच गट बांधून ठेवतो. चढावर वेग घटतो, आडोसा निरुपयोगी होतो आणि प्रत्येकाचे वजन, पायातला जोर आणि गिअर एवढेच उरते. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने चालणाऱ्या निवांत गटाला तर सपाटीवरही आडोशाचा लाभ थोडाच. शर्यतीतला घोळका वारा सांधतो, निवांत घोळका केवळ एकमेकांना दिलेला शब्द.

चढाचा विषय निघाला की सेंतेत्यन गावचा रेशीम व्यापारी पॉल द व्हिव्ही (1853–1930) आठवतो. व्यापार सोडून सायकलचे दुकान आणि 1887 पासून मासिक चालवणाऱ्या या ‘वेलोसिओ’ने गिअर बदलता येणाऱ्या सायकलचा पक्ष लावून धरला. 1902 मध्ये डोंगराळ रस्त्यावर घेतलेल्या चाचणीत मार्त हेस या स्त्रीने तीन गिअरच्या सायकलवर एका गिअरवाल्या एदुआर फिशर या नावाजलेल्या शर्यतपटूला मागे टाकले, तरी गिअर हे पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी, असे देग्रांज लिहून मोकळा झाला. टूरमध्ये त्यांना परवानगी 1937 साली मिळाली. वेलोसिओची शिकवण साधी होती: भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, पहिल्या तासांत जोर लावू नये आणि मिरवण्यासाठी पायडल मारू नये. राईडमध्ये मांस वर्ज्य करण्याचा त्याचा उपदेश तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावी चालणे कठीण, पण परतीची मिसळ त्याच्या नियमात बसते.

गटाची चाल सांभाळण्याचे शास्त्र महाराष्ट्राला परके मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीत विणेकरी आणि वरचा अंमल चोपदाराचा. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की सर्व टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि दखल घेतल्याखेरीज थांबत नाही. मागे पडलेल्याला आवाज देण्याची इतकी चोख सोय देग्रांजच्या कलमांत शोधून सापडत नाही. आषाढीला कोल्हापूरहून प्रतिपंढरपूर म्हणविणाऱ्या नंदवाळला दिंडी जाते, त्यामुळे पन्हाळ्याच्या वाटेवरील कित्येक सायकलस्वारांनी ही चाल पायांनी अनुभवलेली असते. मग सायकलवर बसताच ती विसरावी, याला कारण नाही.

क्लबांच्या राईडच्या निमंत्रणात अंतर आणि निघण्याची वेळ न चुकता असते. त्यात आणखी दोन ओळी घालाव्यात: सपाटीवरचा ठरलेला वेग आणि त्या दिवशी सर्वांत मागे राहणाऱ्याचे नाव. आणि चढावर गट फुटणारच असल्याने, पुन्हा एकत्र येण्याचे ठिकाण वाघबीळच्या आधी सांगून टाकावे.