बाळंतिणीचे मन आणि गोळ्यांशिवायचा उपचार

घरात बाळ आले की त्याच्या कानात अजान दिली जाते, अकीक्याची तयारी होते, बाळंतिणीसाठी हरीरा आणि डिंकाचे लाडू होतात. तिच्या शरीराची आपण काळजी घेतो, मनाचे काय? ती एकटी रडते, बाळ झोपले तरी जागी असते, बाळाला घ्यावेसेही तिला वाटत नाही. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते ईमान कमजोर आहे.

पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र उदासी दोन आठवड्यांनंतरही राहिली तर ते डिप्रेशन असू शकते. गरोदरपणातही ते होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार गरोदर स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात डिप्रेशन मुख्य.

यावर समुपदेशन आहे, औषधेही आहेत. अंगावर पाजतानाही चालणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात. त्या परस्पर बंद करू नयेत. तरीही काहींना औषध नको असते, काहींना त्याचा गुण येत नाही. अशांसाठी ‘टीएमएस’ हा पर्याय आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी चुंबकाने मेंदूला चेतना देऊन दाखवली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिप्रेशनसाठी असे यंत्र मंजूर केले.

रुग्ण जागी, खुर्चीत बसलेली असते. कपाळाच्या डाव्या बाजूला वर तारेचे वेटोळे टेकवतात. त्यातून निघणारे चुंबकीय ठोके मेंदूच्या मंदावलेल्या भागाला जागे करतात. भूल नाही, रक्तात औषध नाही, दुधातही काही उतरत नाही. चुंबकाचा जोर थोड्याच अंतरावर संपतो, त्यामुळे तो पोटातील बाळापर्यंत पोचत नाही. गरोदर स्त्रियांवरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत, म्हणून निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनी मिळून घ्यावा. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास. झटका क्वचित येतो. फिट्सचा आजार असलेल्यांना किंवा डोक्यात धातू बसवलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील किंवा भ्रम होत असतील, तर थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. अशा वेळी विजेचा उपचार (ईसीटी) लवकर गुण देतो. २०१७ च्या कायद्याने तो भूल दिल्याशिवाय करण्यास मनाई आहे.

टीएमएससाठी आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. तेवढा वेळ बाळाला कोण सांभाळणार? सासूबाईंनी बाळ घेतले, शौहर सोबत गेला, तरच हा उपचार पुरा होतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज्यात सवलत आहे. प्रसूतीच्या वेदनेत हजरत मरियम (अ.) यांनाही दोष नव्हे, दिलासा, खजूर आणि पाणी मिळाले. इलाज करा, ही तर आपल्या नबी (स.) यांची शिकवण. दुआ करूया आणि डॉक्टरकडेही नेऊया. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.